ऐकत नाही

सोमवार, १२ ऑगस्ट

आज पाळणाघर सुरू झालं. पाळणा एकही नाही आणि घर आमचंच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घातले की माणूस मावत नाही एवढी गॅलरी. मुलं बाहेरची तीन, वर आमची एक.

गोदाम शहराबाहेर हलवलं तेव्हा मालकांनी विचारलं होतं, येतोस का? निम्मा दिवस जाण्यायेण्यातच गेला असता. बायको विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रावर बसते. तिची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. पोरीकडे कोण बघणार? म्हणून मी नाही म्हटलं आणि घरी बसलो. मग तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घरीच आहात तर माझी जुळी बसवून घ्याल का? मेली सारखी मशीनच्या सुईखाली बोटं घालतात." ते ऐकून समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी त्यांचा गोलूही आणून सोडला. म्हटलं, हाच धंदा करू.

ही म्हणाली, "तुला जमेल?"

अख्खं गोदाम सांभाळलंय मी. ट्रक मागे घेताना इंजिनाच्या वर माझा आवाज जायचा. चार चिल्लीपिल्ली म्हणजे काय मोठी गोष्ट!

बुधवार, १४ ऑगस्ट

मोठी गोष्ट आहे.

गोलूने माझ्या बुटात शू केली. एकाच बुटात. दुसरा जुळ्यांनी गॅलरीतून खाली टाकला. दोघे तीन वर्षांचे. मुलगा काही मिनिटं आधी जन्मला म्हणून तो मोठा आणि बहीण धाकटी, पण हुकूम सगळा धाकटीचा. संध्याकाळी आमची कन्या आईला म्हणाली, "आई, आज बाबा बाथरूममध्ये लपून बसला होता."

लपलो नव्हतो. श्वास घेत होतो.

सोमवार, २६ ऑगस्ट

घडी बसली. गोदामाची शिस्त लावली आणि सुतासारखी सरळ आली पोरं. सकाळी बूट जिन्यातच काढायचे, आत आणायचे नाहीत. पेल्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या, म्हणजे भांडण नाही. दुपारी झोपताना एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, कारण धाकटी झोपेतही केस ओढते. जेवण एकदमच वाढायचं, कुणाच्या ताटात एक दाणाही आधी पडता कामा नये.

बागेत नेताना मी युक्ती काढली आहे. जाड दोरीला गाठी मारल्या, प्रत्येकाने एक गाठ धरायची. पुढे मी, मध्ये ही फलटण, शेवटच्या गाठीला आमची टकळी. ती पावणेपाच वर्षांची, सगळ्यांत मोठी, म्हणून ती गार्ड. आमच्या रस्त्याला फुटपाथ नावालाच आहे. अर्ध्यावर गॅरेजवाल्याच्या पोट उघडलेल्या गाड्या, उरलेल्यात कुणीतरी खणून ठेवलेला खड्डा. तरी रस्ता ओलांडताना मी एक आवाज दिला की दोन्ही बाजूंची वाहनं थांबतात. भाजीवाला म्हणतो, "आली मिरवणूक!"

टकळी हे तिचं नाव नाही, पण आता तेच झालंय. बोलायला लागली ती थांबलीच नाही. सकाळी डोळ्यांच्या आधी तोंड उघडतं. आज बागेतून येताना तिने मला मुंगीच्या घरात जिना असतो का, गाड्यांना झोप कधी येते आणि आईच्या यंत्रात मी झोपले तर माझी हाडं दिसतील का, एवढं सगळं एका दमात विचारलं. मी म्हटलं, "टकळे, जरा इंजिन बंद कर." ती म्हणाली, "माझ्याकडे बटणच नाही."

गुरुवार, १९ सप्टेंबर

घराचा दवाखाना झालाय. आधी गोलूला सर्दी झाली, त्याने ती इमानेइतबारे सगळ्यांना वाटली. चारही नाकं वाहताहेत. रुमाल पुरेनात म्हणून जुना सदरा फाडला.

दुपारी टकळी कान धरून रडायला लागली. माझ्या मांडीवर तापलेला गोलू, हातात जुळ्यांचं औषध, त्यातलं अर्धं जुळ्यांतल्या मोठ्याने थुंकलेलं. तव्यावर फडकं गरम करून तिच्या कानाला लावलं आणि म्हटलं, "तू मोठी ना? थोडा दम धर." धरला तिने. रडत रडत झोपली. उठली ती ठणठणीत. दुखतंय का विचारलं तर म्हणे, नाही. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग होता. लाळ असेल. अभ्रा धुवायला टाकला.

ही दुपारच्या पाळीला होती. आल्यावर सांगायचं राहून गेलं. दुखायचं थांबलं होतं, उगाच कशाला तिला घोर.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज औषधवाल्या बाई दुकानातून मुद्दाम वर आल्या. "काका, आमचा गोलू स्वतःच्या हाताने जेवायला लागला हो! घरी कधी ऐकलं नाही आमचं." मी नुसतं हसलो. शिवणवाल्या ताई तर गिऱ्हाइकांना सांगतात, वरचे भाऊ म्हणजे जादूगार. आणखी एकीने विचारलंय, जागा आहे का.

आमची स्वारीही बदलली आहे. आता भाऊगर्दीत बसून शांतपणे चित्रं रंगवते. पूर्वीसारखं सारखं "बाबा, बाबा" नाही. ही म्हणाली, "गप्प गप्प वाटते रे." मी म्हटलं, "शहाणी झाली. लहानांत राहून मोठी झाली." हिला तिची बडबड हवी असते, कारण हिला ती दिवसभर ऐकावी लागत नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार: टीव्ही फार मोठ्याने लावता. आवाज टकळी वाढवते. मी कमी करतो, ती जवळ जाऊन पुन्हा वाढवते. चार पोरांच्या कलकलाटात तिला कार्टून ऐकू येत नसणार. त्या वेळेत आता टीव्हीच बंद.

रात्री जेवताना ही म्हणाली, "ती हल्ली प्रत्येक गोष्टीला 'काय?' करते. लक्षात आलंय का तुझ्या?"

"तू बोलतेसच मुळी मांजरीसारखी," मी म्हटलं. "मलाही दोनदा विचारावं लागतं."

"कान दाखवू या का एकदा?"

मी लगेच पुरावाच दिला. पोरगी आतल्या खोलीत होती. मी इथूनच हाक मारली, "टकळे!" लगेच आली पळत. "बघ," मी म्हटलं. "खणखणीत आहेत कान."

ही म्हणाली, "तुझी हाक खालच्या गॅरेजवाल्यालासुद्धा ऐकू गेली असेल." आणि ताटं उचलायला लागली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पोरगी हट्टी व्हायला लागली आहे. आज जेवायला या म्हणून सांगितलं. तिघं आली, टकळी आपली पाठ करून रंगवत बसलेली. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी ढिम्म. बहिरेपणाचं सोंग! शेवटी जाऊन रंगखडू काढून घेतले तर दचकून अशी बघते, जसं काही मीच चोर.

टकळीच्या सकाळच्या शाळेतल्या बाईही तेच म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे, पण स्वतःच्याच नादात असते. गोष्ट सांगताना खिडकीबाहेर बघते. एक काम सांगितलं तर दुसऱ्याच मुलाचं बघून तिसरंच करते."

मला कारण कळलं आहे. आधी बाबा तिचा एकटीचा होता, आता त्याची चार जणांत वाटणी झाली. हा मत्सर आहे. बाहेरची मुलं ऐकतात आणि स्वतःची ऐकत नाही, असं दिसलं तर पाळणाघर चालवणाऱ्याची काय किंमत राहील? थोडं कडक व्हायला हवं. ही पुन्हा डॉक्टरांचं म्हणाली. हट्टावर डॉक्टरांकडे औषध असतं का?

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पोरं घरी गेली तशी वही उघडली.

बागेतून परतत होतो. दोरी, गाठी, सगळं नेहमीसारखं. गॅरेजसमोर धाकटीचा चेंडू सुटला आणि घरंगळत रस्त्यात गेला. टकळीने दोरी सोडली आणि त्याच्या मागे गेली. गल्लीतून सामानाचा टेम्पो मागे येत होता. मी ओरडलो, "थांब!" जेवढा आवाज होता तेवढा लावला. पण गॅरेजात पत्रा ठोकणं चालू होतं, टेम्पोचा भोंगा चालू होता. भाजीवाला थांबला, एक सायकलवाला थांबला, कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा थांबलं. ती थांबली नाही. वळून बघितलंही नाही. वाकली आणि चेंडू उचलायला लागली.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं असावं. टेम्पोचं मागचं फळकूट तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

मी तिला दंडाला धरून ओढलं आणि एक कानाखाली ठेवून दिली. तिथेच, भर रस्त्यात. "ऐकायला येत नाही? थांब म्हटलं की थांबायचं!"

ती रडली नाही. चेंडू पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मी कशासाठी मारलं हे जसं काही तिला कळलंच नाही, असा चेहरा. तो चेहरा बघून मला आणखीच राग आला.

मशीन सोडून शिवणवाल्या ताई धावत आल्या होत्या. औषधवाल्या बाई काउंटरवरून बघत होत्या. बघू देत. आज पोरगी गेली असती.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हिला ताईंकडून कळलं. मीच सांगणार होतो.

आवाज चढवला नाही हिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "का मारलंस?"

"जीव गेला असता तिचा!"

"जीव गेला असता म्हणून मारलंस, की ऐकलं नाही म्हणून?"

या प्रश्नाला काही अर्थ आहे का?

सकाळी औषधवाल्या बाई गोलूची चादर आणि पेला मागायला आल्या. गोलूला आता त्याची मावशी सांभाळणार आहे म्हणे. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "काका, स्वतःच्या मुलीवर एवढा हात उचलता…" आणि वाक्य तसंच सोडलं. तीन महिने याच बाई मला डोक्यावर घेऊन नाचत होत्या. त्यांचा गोलू टेम्पोखाली जाताना दिसला असता म्हणजे कळलं असतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

टकळीने अबोला धरलाय. विचारलं तर मान हलवते. आईशीही मोजकंच. खेळताना मात्र जुळ्यांशी डोकं लावून काहीबाही चाललेलं असतं.

धरू दे राग. उतरेल.

बुधवार, ११ डिसेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

दूध गरम करून पेले भरले. हाक मारली. मोठा आणि धाकटी आली. टकळी खिडकीपाशी ठोकळे रचत होती, पाठ माझ्याकडे. मी पुन्हा हाक मारली. हल्ली हिच्या सांगण्यावरून आवाज जरा खाली ठेवतो. ती जागची हलली नाही. डोक्यात सणक गेलीच होती माझ्या, तेवढ्यात धाकटी उठली, तिच्यापुढे जाऊन बसली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि म्हणाली, "दूध. चल." टकळी लगेच उठली. हसत आली.

मी विचारलं, "धाकटे, हे काय केलंस?"

"काका, तुम्ही लांबून बोलता. ती लांबून येत नाही. तिला तोंड दाखवायला लागतं."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही."

मोठा दुधाच्या मिशा पुसत म्हणाला, "मी पण असंच करतो. गोलू पण करायचा."

गोलूला तेव्हा धड दहा शब्द येत नव्हते.

मी टकळीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. हळू आवाजात म्हटलं, "चॉकलेट कुणाला हवं?" जुळी उड्या मारायला लागली. ती दूध पीत राहिली. मग जुळ्यांना उड्या मारताना बघून तिने माझ्याकडे मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघायला लागली.

चॉकलेट घरात नव्हतं. तिघांना घेऊन खाली दुकानात गेलो आणि घेऊन दिलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

हिला सांगितलं. हिने झोपलेल्या पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं. मी धसाला लावायला हवं होतं." म्हणजे दोष तिने स्वतःकडे ओढून घेतला. त्यानेही मला बरं वाटलं नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बोलायला मऊ. टकळीला फिरत्या खुर्चीवर बसवलं, ती जरा खुलली. कानात दिवा घालून बघितलं, मग काचेच्या खोलीत बसवून कानांना लावायचं यंत्र दिलं. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. बाहेरच्या पडद्यावर आवाज वाढताना आम्हाला दिसत होता. वाढत होता, वाढत होता, आणि पोरगी मणी हातात धरून वाट बघत होती. किती शहाण्यासारखी वाट बघत होती.

"दोन्ही पडद्यांच्या मागे चिकट पाणी साठलंय," बाई म्हणाल्या. "पाण्यात डोकं बुडवलं की बाहेरचं कसं ऐकू येतं? तसं तिचं चाललंय. मोठा आवाज पोचतो, साधं बोलणं पुसट होतं. सर्दीनंतर होतं मुलांना. केव्हापासून?"

हिने माझ्याकडे बघितलं.

"सप्टेंबर," मी म्हटलं. "कान दुखला होता. उशीला डाग होता."

ही खुर्चीत सरळ झाली. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

बाई लिहून घेत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कानाला कधी मार वगैरे लागलाय?" सगळ्यांना विचारत असतील.

"हो," मी म्हटलं. "मी मारलं होतं. गेल्या महिन्यात. ऐकत नाही म्हणून."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. रागाने नाही. "त्याने नाही झालेलं हे," म्हणाल्या. "हे आधीचंच आहे. ती ऐकत नव्हती असं नाही, तिला ऐकू येत नव्हतं." एवढंच बोलून त्यांनी औषधं लिहिली. काही आठवडे बघू, पाणी ओसरलं नाही तर छोटंसं ऑपरेशन करून नळ्या बसवू. घाबरण्यासारखं काही नाही, ऐकणं पूर्ण परत येईल.

टकळी खुर्ची फिरवत होती आणि दर फेरीत आमचे चेहरे बघत होती.

रिक्षात ही एवढंच म्हणाली, "सप्टेंबर." बाकी सगळं मी मनातच ऐकलं.

रविवार, ५ जानेवारी

नवीन शिस्त. हाक नाही. जवळ जायचं, खाली बसायचं, हाताला हात लावायचा, तिने बघितलं की बोलायचं. दिवसाकाठी कितीदा उठबस होते त्याला गणती नाही, गुडघे बोलायला लागले. बोलू देत.

मी खाली बसलो की सुरुवातीला ती अंग चोरायची. हल्ली कमी.

शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी तिला मागच्या बाकावर बसवलं होतं, लक्ष देत नाही म्हणून!" आम्ही दोघं वर्गाच्या दारात एकमेकांची समजूत काढत उभे होतो, दोन गुन्हेगार.

शिवणवाल्या ताई जुळ्यांना अजून पाठवतात. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला मुलं काढून घ्यायची असतील तर मी समजू शकतो." त्या दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, माझी धाकटी सकाळी उठून तुमच्या पोरीसाठी रडते. मी कुणाकुणाला समजावू?" मग दोरा तोडून म्हणाल्या, "पण पुन्हा हात उचललात तर मीच खाली नेईन तिलापण. तुमच्या पोरीला."

या वहीची मागची पानं मला वाचवत नाहीत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाणी ओसरलं नाही म्हणून आज ऑपरेशन झालं. सकाळी आत नेताना तिने आईचं बोट धरलं, माझं नाही. तासाभरात बाहेर आली. डोळे उघडून पडली होती. नर्सच्या हातून एक ट्रे खाली पडला आणि पोरगी केवढ्याने दचकली! रडायलाच लागली. "आवाज! आवाज किती आहे!"

हिने तिला पोटाशी घेतलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, नेहमीच्या तिच्या मांजरीच्या आवाजात. टकळी रडायची थांबली. मान मागे करून आईकडे बघत म्हणाली, "आई, तुला आवाज आला!"

तिला वाटत होतं इतके महिने आईचाच आवाज गेला होता.

मी बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. लोक बटण दाबायला सांगत होते, मी दाबत होतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

जुळी भेटायला वर आली. मी स्वयंपाकघरात अंडी उकडत होतो. बाहेर टकळीचं व्याख्यान चाललं होतं, पूर्वीसारखं, बिनथांब्याचं. किती महिन्यांनी! मी गॅस बारीक करून ऐकत राहिलो.

"मी ना, ऐकत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी माझ्या कानात नळी घातली. आता मी सगळ्यांचं ऐकते. तुम्ही पण काकांचं ऐका हं, नाहीतर तुमच्यापण कानात घालतील."

धाकटीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी बाहेर येऊन खाली बसलो. "टकळे, तसं नाहीये. तुझ्या कानात पाणी साठलं होतं, म्हणून तुला ऐकू येत नव्हतं. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. मी न समजता मारलं तुला. चुकलं माझं."

ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "तुझी चूक होती?"

"हो."

"मग नळी तुझ्या कानात का नाही घातली?"

मोठा खो खो हसला. मलाही हसावं लागलं. मग मी अंडी सोलायला आत गेलो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

शाळेतून चिठ्ठी: मुलगी वर्गात फार बोलते, शेजारणींना काम करू देत नाही. हिने चिठ्ठी दोनदा वाचली आणि फ्रिजवर लावली. गोलूची आई दुकानातून हात करते आता, गोलूला मात्र पाठवत नाही. ते बरोबरच आहे.

टकळी आईशी बोलते, जुळ्यांशी बोलते, वरच्या आजोबांना जिन्यात गाठून बोलते. गाड्यांना झोप कधी येते, ते आज भाजीवाल्याला विचारत होती. माझ्याशी वाईट वागते असं मुळीच नाही. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर देते. उत्तर संपलं की थांबते.

ही म्हणते, वेळ दे. देतोच आहे. माझ्याकडे तेवढंच तर आहे.

रविवार, ९ मार्च

आज आम्ही दोघंच बागेत गेलो. दोरी नेली नाही, हात धरून गेलो. हातात हात दिला तिने, न मागता, पण रस्ता ओलांडून झाल्यावर लगेच काढून घेतला.

बागेत तोबा गर्दी. घसरगुंडीला भली मोठी रांग. टकळी रांगेत उभी राहिली, पुढच्या मुलीशी गप्पा मारत मारत शिडीपर्यंत पोचली. मी बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाप आपल्या मुलाला बोलावून बोलावून दमला होता. पोरगं झोपाळा सोडायला तयार नव्हतं. बाप हाका मारतोय, पोरगं तिथून ओरडतंय, "नाही येणार! अजून दहा वेळा!" शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अजिबात ऐकत नाही हो." मी म्हटलं, "सुखी आहात." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

ऊन उतरायला लागलं होतं. टकळी शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर होती, तिच्यापुढे फक्त एक मुलगा. मी उगाचच, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "चल ग, निघायचं." आवाज काढला असंही म्हणता येणार नाही. शेजारच्या बापालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

शिडीवर तिची मान वळली. एक शब्द न बोलता ती मागे फिरली, खालून चढणाऱ्या पोरांच्या धक्क्यांतून वाट काढत शिडी उतरली, पळत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. धाप लागली होती. हात दोन्ही बाजूंना सरळ.

"आले," म्हणाली.

तिच्या मागे तो मुलगा खाली घसरला. आता तिचाच नंबर असता.

मी म्हटलं, "नको, राहू दे. जा, खेळ अजून. हवं तेवढं खेळ."

तेही तिने लगेच ऐकलं.